रताळ्याला एकादशीतून सोडवा

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की आपल्या यवतमाळच्या भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. सण सरला की रताळे स्वयंपाकघरातूनही जाते. गंमत म्हणजे उपवासाला चालणारा हा कंद मूळचा अमेरिका खंडातला. कॅरिबियन बेटांवरचे लोक यालाच ‘बटाटा’ म्हणत. ते नाव पुढे दुसऱ्याच कंदाला चिकटले!

शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे ८६ किलोकॅलरी ऊर्जा, २० ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम तंतू असतात. शिवाय पोटॅशियम भरपूर. प्रथिने मात्र जेमतेम दीड ग्रॅम. म्हणून सोबत तुरीचे वरण हवेच, आणि तुरीला आपल्याकडे तोटा नाही. आपण मात्र त्याच्या चकत्या साखरेच्या पाकात घोळवतो आणि वर म्हणतो, उपवासाने वजन वाढले!

निखाऱ्यात हळूहळू भाजताना रताळ्यातल्या पिष्टाची माल्टोज नावाची साखर होते, म्हणून भाजलेले अधिक गोड लागते. मधुमेह असणाऱ्यांनी ते सालासकट उकडून, बेताने आणि भाकरीच्या ऐवजी खावे, भाकरीवर नव्हे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता महत्त्वाचे. आपल्या बाजारातले रताळे बहुधा पांढऱ्या गराचे असते. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटीन असते आणि शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले की मुलांना आधी संध्याकाळी दिसेनासे होते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हा नारिंगी वाण काढला आहे. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते; जवसाची चटणी आणि वर तेलाची धार असली की झाले.

सरकारी कार्यक्रमात ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाचव्या वर्षापर्यंत मिळतात. त्यानंतर भिस्त ताटावरच. झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडच्या कोलाम पोडांवर रानातले कंद खणून खाणे नवे नाही. तिथल्या अंगणवाडीच्या आवारात, शाळेच्या परसबागेत हा नारिंगी वेल लावायला काय हरकत आहे?

कपाशीच्या बियाण्यासाठी दरवर्षी खिसा रिकामा करणाऱ्या शेतकऱ्याला एक सांगते: रताळ्याला बियाण्याची पिशवी लागत नाही. वेलाचा वीतभर तुकडा वरंब्यावर खोचला, पाणी साचू दिले नाही, की साधारण चार महिन्यांत कंद तयार होतात. कोवळ्या पानांची भाजीही होते. आपण ती पाने जनावरांपुढे टाकतो. काढणीच्या वेळी थोडे वेल राखून ठेवले, की पुढच्या लागवडीची सोय होते आणि शेजारणीलाही देता येतात.