समुद्रतळाची वाळू आणि वेसाव्याचा किनारा

(उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पावसाळ्यात जुहू-वेसाव्याच्या चौपाटीवर गेलेल्या माणसाला किनारा खचल्यासारखा वाटतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा वाळू आत ओढून नेतात आणि पुढे शांत झालेला समुद्र तिच्यातील बरीचशी परत आणून टाकतो. हा व्यवहार पुरातन आहे. परतफेड कमी पडू लागली म्हणजे प्रश्न उद्भवतो. तेव्हा दोन उपाय सुचविले जातात : भिंत बांधावी, किंवा समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर पसरावी. भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याचीच वाळू धुऊन नेते. आक्सा चौपाटीवरील भिंतीचा वाद तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्यामुळे दुसरा उपाय सुज्ञपणाचा वाटतो. नेदरलँड्सने १९९० साली तो राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला आणि २००१ पासून दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर वाळू तेथील किनाऱ्याला घालण्याचे उद्दिष्ट ठेवले.

यातील ‘दरवर्षी’ या शब्दाकडे आपल्या नियोजनकारांचे लक्ष जात नाही. हा एकदाचा भांडवली खर्च नसून कायमचा आवर्ती खर्च आहे. शिवाय डच लोक ही वाळू २० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या समुद्रातून उचलतात. किनाऱ्यालगत खड्डा केला तर लाटांची दिशा पालटते आणि किनाऱ्याचीच वाळू त्या खड्ड्यात उतरू लागते. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्यासारखेच. उपसणी-जहाजाच्या नळीबरोबर तळातील किडे, शिंपले, लहान कालवे खेचली जातात. उथळ उपशानंतर हे जीवन काही वर्षांत परत येते, परंतु खोल खड्ड्यात गाळ साचतो आणि तळाचा स्वभावच बदलतो. उपशाने गढूळ झालेले पाणी प्रवाहाबरोबर दूरवर पसरते ते वेगळेच.

आपल्यापुढची अडचण आणखी मोठी आहे. मुंबईसमोरचा नजीकचा समुद्रतळ बहुतांशी चिखलाचा आहे आणि त्या चिखलावरच बोंबील, करंदी यांची मासेमारी उभी आहे. डोल जाळे एका जागी रोवलेले असते. ट्रॉलरवाला जागा बदलू शकतो, डोलवाल्या कोळ्याला ती सोय नाही. वाळू हवी तर ती लांबून आणावी लागणार. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे आणि त्याकरिता सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणसमोरच्या समुद्रातून उचलण्याची योजना आहे. बंदर पालघरला, खड्डा दमणला. आणि त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांचे नाव प्रकल्पग्रस्तांच्या यादीत शोधावे लागते!

किनाऱ्याची वाळू कमी का पडते, याचे एक कारण उपनगरांच्या इमारतींतच दडलेले आहे. वसई आणि मुंब्र्याच्या खाड्यांतून एके काळी हातपाटीवाले बुड्या मारून रेती काढीत. पुढे सक्शन पंप आले आणि रेल्वेच्या पुलांच्या पायांनाही धोका निर्माण झाला. अखेर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाला या उपशावर बंदी घालावी लागली. त्या रेतीचे काँक्रीट झाले, काँक्रीटचे मनोरे समुद्राकाठी उभे राहिले, आणि आता त्या मनोऱ्यांच्या रक्षणासाठी पुन्हा वाळूच हवी आहे. पहिल्या व्यवहारातील नफा बिल्डरांच्या खिशात गेला, दुसऱ्याचा खर्च सरकारी तिजोरी आणि कोळीवाडे मिळून भरणार. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत याला ‘बाह्य परिणाम’ असे निरुपद्रवी नाव आहे.

कोळी समाज सरसकट उपशाच्या विरोधात आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. वेसाव्याच्या खाडीच्या मुखाशी साचलेला गाळ काढा, होड्या रुततात, ही मागणी ते स्वतःच वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ती रेंगाळते आणि बंदराची फाइल धावते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने समुद्रतळातील खनिजांचा पहिला लिलाव पुकारला. त्यात केरळमधील कोल्लमसमोरचे बांधकामाच्या वाळूचे तीन पट्टे होते आणि २०२५ मध्ये तेथील मच्छीमार रस्त्यावर उतरले. उद्या असा पट्टा आपल्या किनाऱ्यासमोर आखला गेला, तर कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आजच मागून ठेवाव्यात. पर्यावरण अहवाल मराठीत आणि जनसुनावणीपूर्वी कोळीवाड्यात पोहोचला पाहिजे. डोलींच्या जागा नकाशावर दाखविल्या गेल्या पाहिजेत. आणि पश्चिम किनाऱ्यावर दर पावसाळ्यात मासेमारीला जी ६१ दिवसांची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी असते. त्या दिवसांत होडी बंदरात बांधलेली असेल, तर उपसणी-जहाजही बांधलेले असले पाहिजे.