किल्ल्या कोणाच्या हाती?
(मुक्त फर्मवेअर आणि लॅपटॉप-उत्पादकांवरील विश्वास या विषयावरील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



संगणकाच्या सुरक्षेची चर्चा आपल्या घरांतून होते ती बहुधा व्हायरस, पासवर्ड आणि बँकेच्या नावाने येणारे फसवे दूरध्वनी यांच्यापुरती. आज त्याखालचा थर पाहू. लॅपटॉपची कळ दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स जागे होण्यापूर्वीच एक छोटी आज्ञावली धावू लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. मदरबोर्डवरील नखाएवढ्या चिपमध्ये तिचे वास्तव्य असते. मेमरी, पडदा, कळफलक यांना तीच कामाला लावते आणि मगच सूत्रे पुढे सोपवते. घरातील मंडळी उठण्यापूर्वी ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असतात, असा हा गडी. तो नेमका कोणाचे ऐकतो?

२०१५ साली याचे उत्तर काही ग्राहकांना अनपेक्षितपणे मिळाले. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर विंडोज पूर्णपणे पुसून नव्याने बसवले, तरी कंपनीची आज्ञावली पुन्हा अवतरत असे. फर्मवेअरच विंडोजची एक फाइल बदलून तिला आत घेत होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती सोय काढून टाकली. परंतु ग्राहकाने आपले घर झाडून घ्यावे आणि जोत्यानेच कचरा पुन्हा आत टाकावा, असा हा प्रकार होता.

याहून खोल प्रकरण इंटेलचे. २००८ च्या सुमारापासून इंटेलच्या जवळजवळ प्रत्येक चिपसेटमध्ये ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा स्वतंत्र छोटा संगणक असतो. त्याची आज्ञावली बंदिस्त आहे. पुढे त्यात मिनिक्स ही कार्यप्रणाली वापरली गेली. तिचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ही गोष्ट २०१७ मध्ये बातम्यांतून कळली. म्हणजे जनकालाच बारशाचे निमंत्रण नाही! त्याच वर्षीच्या मे महिन्यात उघड झाले, की या यंत्रणेच्या दूर-नियंत्रण सुविधेत, ती चालू असलेल्या संगणकांवर, पासवर्डच्या जागी रिकामे उत्तर पाठवले तरी प्रवेश मिळत होता. ऑगस्टमध्ये रशियातील ‘पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज’च्या संशोधकांना ही यंत्रणा थांबवणारी एक अघोषित खूण सापडली. अमेरिकी शासनाच्या उच्च सुरक्षेच्या एका कार्यक्रमासाठी ती ठेवण्यात आली होती, हे इंटेलनेही मान्य केले. ज्या शासनाच्या देशात हे यंत्र घडले, त्याला ते बंद करण्याची कळ हवी होती. सामान्य ग्राहकाला मात्र ती कळ आहे, हेसुद्धा सांगितले गेले नव्हते.

या अंधारात मुक्त फर्मवेअरची वाट १९९९ पासून चालत आलेली आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी ‘लिनक्सबायोस’ सुरू केले. २००८ मध्ये त्याचे नाव ‘कोअरबूट’ झाले. त्याचा मूळ कोड कोणीही वाचावा, तपासावा, बदलावा. गूगलच्या क्रोमबुकांत तेच वापरले जाते.

आता गोपनीयतेचे आश्वासन देऊन लॅपटॉप विकणाऱ्यांकडे वळू. ‘प्युरिझम’ या अमेरिकी कंपनीने २०१४ च्या अखेरीस लोकवर्गणीतून ‘लिब्रेम’ लॅपटॉपची घोषणा केली. वापरकर्त्याचे स्वातंत्र्य जपणारे यंत्र, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात सुरुवातीची यंत्रे बंदिस्त बायोससह ग्राहकांच्या हाती पडली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात कठोर टीका झाली. ती योग्यच होती. कोअरबूट आले २०१७ मध्ये. त्याच ऑक्टोबरात मॅनेजमेंट इंजिन निष्क्रिय केल्याचीही घोषणा झाली. डेन्व्हरच्या ‘सिस्टम७६’ने वर्षअखेरीस तोच मार्ग धरला. मी याला फसवणूक म्हणणार नाही. पण आधी जाहिरात आणि मागाहून काम, हा क्रम विश्वासाला मारक असतो.

शिवाय ‘निष्क्रिय’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ते इंजिन सुरुवातीचे आवश्यक काम करते आणि मग थांबते. ते नाहीसे होत नाही. कोअरबूट असलेल्या इंटेलच्या आधुनिक लॅपटॉपातही मेमरी सुरू करणारा इंटेलचा बंदिस्त भाग उरतोच. इंजिन समूळ काढता येते ते २००८ च्या थिंकपॅड एक्स२०० सारख्या जुन्या यंत्रांतून. ती आज नव्या कामाला अपुरी पडतात. म्हणून मी उत्पादकाला एवढेच विचारीन : तुमच्या यंत्रात अजून बंदिस्त काय आहे? जो यादी देतो त्याच्याशी बोलणे पुढे चालू ठेवावे.

एक गमतीचा तपशील. वाटेत खोके उघडून यंत्रात फेरफार होऊ नये, म्हणून प्युरिझम ज्यादा पैसे घेऊन स्क्रूंवर चमचम असलेले नेलपॉलिश लावून देते. चमचमीचे कण पुन्हा हुबेहूब तसेच बसवणे जवळपास अशक्य असते. छायाचित्र ग्राहकाला वेगळे पाठवले जाते, त्याने ते ताडून पाहायचे. प्रसाधनाच्या डबीतील दहा रुपयांची युक्ती, पण ग्राहकाच्या डोळ्यांना पटणारी. कोडच्या बाबतीत अशी सोय म्हणजे तो स्वतः संकलित करून चिपमधील प्रतीशी जुळवणे. हे आपल्यापैकी फार थोडे जण करतील. परंतु चार जाणकारांना ते करता येते, एवढ्यानेही लपवाछपवीला धाक बसतो.

आपल्याकडे आय.आय.टी. मद्रासने ‘शक्ती’ हा मुक्त आराखड्याचा प्रोसेसर घडवला. २०१८ मध्ये त्याची एक आवृत्ती चंदीगडजवळच्या शासकीय प्रयोगशाळेत तयार झाली. त्याच वर्षी दुसरी, अधिक सूक्ष्म आवृत्ती प्रत्यक्ष चिपच्या रूपात आली, ती अमेरिकेत इंटेलच्याच कारखान्यातून. आराखडा आपला, भट्टी त्यांची.