फुकटचे काम आणि बसलेला हात
(सोनगीर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मुलगा पदवी घेऊन घरी येतो, चार ठिकाणी अर्ज करतो आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "अनुभव काय?" अनुभव नोकरीवाचून मिळत नाही आणि नोकरी अनुभवावाचून मिळत नाही. या कोंडीतून निघण्याची एक वाट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. ती वाट म्हणजे स्वयंसेवा. "पगार नाही, मग पोराने फुकट का राबावे?" असे काही पालकांच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

आपले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात ओळखले जाते. भांडे घडविणे पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून, पत्रा धरून, चुकलेला ठोका सुधारून हात बसतो. कचेरीतले, दवाखान्यातले, दुकानातले कामही असेच आहे. फरक इतकाच की त्यासाठी आपल्या मुलांना शेजारी बसवून घेणारे कोणी नसते. स्वयंसेवेत ती जागा मिळते.

आपल्या मोहल्ल्याचेच पाहा. घरात उर्दू, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी, अशा तीन भाषांत आपला दिवस जातो. उर्दू माध्यमातून शिकलेली कितीतरी हुशार मुले मराठी अर्ज समोर आला की बिचकतात. सरकारी नोकरीच्या परीक्षेत हेच बिचकणे महागात पडते. आता समजा, आठवड्यातून एक दिवस पाच विद्यार्थी शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल टाकून बसले आणि वृद्धांचे, विधवांचे अर्ज लिहून देऊ लागले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज म्हटला की उत्पन्नाचा दाखला आला, वयाचा पुरावा आला, रहिवासाचा दाखला आला. कोणता कागद कोठून मिळतो, तलाठ्याकडे काय मागावयाचे, तहसीलमध्ये कोणत्या खिडकीवर जावयाचे, हे सारे त्यांना कळू लागेल. अर्ज घेतला की पोच द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, असे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा सांगतो. हे ज्या मुलाने दहा म्हाताऱ्यांसाठी करून पाहिले, त्याला कोणत्याही सेवा केंद्रात, वकिलाच्या किंवा हिशेबनिसाच्या कार्यालयात पहिल्या दिवसापासून काम सांगता येते. शिवाय त्याची मराठी सुधारली, ती शिकवणीची फी न देता!

आपण ज्याला खिदमत म्हणतो, तिला सरकारनेही अभ्यासक्रमाशेजारी जागा दिली आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी पहिल्याच महिन्यात नाव नोंदवावे. शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाचा शिधा मोजणे, हिशेब ठेवणे, सरपंचांशी बोलणे ही कामे मागून घ्यावीत. मागच्या रांगेत उभे राहून फोटो काढून घेण्याने काहीच साधत नाही.

महाविद्यालयात न गेलेल्यांसाठी होमगार्ड आहे. मुंबई प्रांतात १९४६ साली उभी राहिलेली ही संघटना निष्काम सेवेची म्हणून ओळखली जाते. बंदोबस्ताच्या दिवसांचे मानधन मिळते आणि कवायत, प्रथमोपचार शिकविले जातात. तीन वर्षे सेवा झालेल्यांना राज्य पोलीस भरतीत राखीव जागाही आहेत. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविलेल्या पदवीधराला सैन्यातील अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाण्याची सोय आहे. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. त्यांना शिबिराला पाठविण्यास आपण कचरतो. ठीक आहे, मग मोहल्ल्यातच सुरुवात करू द्या. पहिली-दुसरीच्या मुलांचा संध्याकाळचा वाचनवर्ग, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेला मदत. ज्या मुलीने वर्षभर वीस चुळबुळ्या पोरांना सांभाळले, तिला अंगणवाडीत किंवा परिचारिकेच्या शिक्षणात काय करावे लागेल याची कल्पना आधीच आलेली असते. तिला अडवू नका.

एक इशाराही दिला पाहिजे. ज्या घरात मुलाच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे त्याला फुकट कामाला बोलावणे अन्याय आहे. अशा मुलाला आठवड्याचे दोन तास पुरेत, आणि येण्याजाण्याचे भाडे संस्थेने द्यावे. कोणी दुकानदार किंवा संस्थाचालक "अनुभव मिळेल" म्हणून पोराकडून सकाळ-संध्याकाळ नोकरासारखे काम करून घेत असेल, तर ती स्वयंसेवा नव्हे, त्याने मजुरीच दिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, एक साधी वही घाला. तारीख, काम, तास आणि आपण नेमके काय केले, एवढे लिहा. "समाजसेवेची आवड" असे अर्जात लिहून कोणाला काही कळत नाही. "चाळीस अर्ज मराठीत भरले, त्यांची नोंदवही ठेवली" असे लिहा. दर तीन महिन्यांनी त्या वहीवर मुख्याध्यापकांची किंवा कार्यक्रम अधिकाऱ्यांची तारखेसह सही घ्या, आणि मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर ती वहीही न्या.