पवनीचा कोट



सहल म्हटली कीं आपल्या नागपुरी घरांतून अजिंठा, वेरूळ किंवा फार तर रायगडाची गोष्ट निघते. परंतु सकाळीं निघून दिवेलागणीस घरीं परत येतां येईल एवढ्याच अंतरावर, वैनगंगेच्या काठीं, दोन हजार वर्षांहून जुनें आणि अद्याप नांदतें असें एक कोटबंद गांव आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. भंडारा जिल्ह्यांतील तें गांव म्हणजे पवनी. नागपूरकरांनीं उमरेड-भिवापुरावरून जावें, भंडाऱ्याच्या मंडळींनीं अड्याळावरून. दिवस हिवाळ्याचे असावे आणि बरोबर शिदोरी असावी.

पवनीस पोंचल्यावर प्रथम देवळांकडे न वळतां तट पाहावा. गांवाच्या एका अंगास नदी आहे आणि उरलेल्या अंगांस मातीचा प्रचंड बांध, त्यावर दगडी काम व बाहेर खंदक. अशा कोटाची युक्ति साधी असते. खंदक खणावा आणि निघालेली माती आंतल्या बाजूस रचावी, म्हणजे एकाच खोदाईंत दोन अडथळे उभे राहतात. खालीं उभें राहून वर पाहिलें म्हणजे चाल करून येणाऱ्यास काय वाटत असेल तें पुस्तकावांचून कळतें. दगडी दरवाजा मध्ययुगांतला. लोक हा कोट पवन नांवाच्या राजाचा म्हणतात. त्या राजाचें नांव लोकांच्या तोंडींच राहिलें आहे.

कोटाच्या आंत शिरलें कीं गल्ल्या, जुनीं घरें आणि पावलोपावलीं देवळें लागतात. पवनीस विदर्भाची काशी म्हणतात तें यामुळेंच. पांच तोंडांच्या गणपतीचें दर्शन घेऊन वैजेश्वराच्या घाटावर उतरावें व तेथेंच शिदोरी सोडावी. येथील कोष्टी मंडळींनीं विणलेल्या रेशीमकांठी वस्त्रांची एके काळीं मोठी ख्याति होती. तट बांधतो राजा. पण तटाच्या आंत गांव वसवितो तो मागावर बसणारा माणूस, हें मुलांना तेथेंच सांगावें.

दुपारनंतर कोटाबाहेर जावें. तेथें जगन्नाथाची टेकडी आहे. वर देऊळ, खालीं टेकाड; पाहणाऱ्यास अधिक कांहीं दिसत नाहीं. परंतु १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें, तेव्हां ही टेकडी म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप असल्याचें उघड झालें. त्याचा व्यास सुमारें ३८ मीटर. जवळच चांडकापुरास दुसरा स्तूप निघाला, तो याहूनही मोठा. सांचीच्या सुप्रसिद्ध स्तूपाचा व्यास ३६ मीटरांच्या आगेमागे आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पवनीची योग्यता कळून येते. एका शिल्पांत पांच फणांचा मुचलिंद नाग रिकाम्या आसनावर छत्र धरून आहे. बुद्धाची मूर्ति घडविण्याची चाल पडण्यापूर्वींची ही रीत होय. आसन दाखवावयाचें, आसनस्थ भक्तांनीं ओळखावयाचा.

राजेही येथें आहेत. भार कुळांतील राजा भगदत्त याचा शिलालेख महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रसिद्ध केला. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मारकस्तंभही येथलाच. परंतु मला अधिक मोलाचे वाटतात ते स्तूपाच्या कठड्यावरील ब्राह्मी लिपींतले चिमुकले दानलेख. कोणीं एक खांब दिला, कोणीं एक आडवा दगड दिला, आणि आपलें नांव कोरविलें. एका लेखांत तर सर्व प्राणिमात्रांस सुख लाभो अशी इच्छा आहे. ज्यानें भीतीपोटीं एवढा तट उभारला त्या राजाचा लेखी पुरावा नाहीं, आणि ज्यानें श्रद्धेनें एक दगड दिला त्याचें नांव बावीसशें वर्षें टिकलें.

मी याच भागांत शिक्षकी केली. वर्गांत तटाचा विषय निघाला असतां एक मुलगा सहज म्हणाला, "गुरुजी, आमच्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे तोच तट आहे." वर्ग हंसला, मला मात्र त्याचें बोलणें अगदीं यथार्थ वाटलें. तट शत्रूच्या तोफेनें पडतो तसाच तो घमेल्यानेंही पडतो. कोणी भरावासाठीं माती नेतो, कोणी ओट्यासाठीं वीट नेतो, कोणी खंदकांत केर टाकतो. यांत दुष्टपणा नसतो. ज्यास टेकाड म्हणजे टेकाडच वाटतें, त्यानें तेथून माती कां नेऊं नये? येथें कायदा हवाच. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक घमेल्यामागें उभा राहूं शकत नाहीं. तें काम ओळखीनेंच होतें. आपल्या गोठ्याची भिंत हा तट आहे असें जाणणारा मुलगा मोठेपणीं ती खणावयास धजणार नाहीं, अशी मला आशा आहे.

या नदीच्या काठीं गांव म्हणजे काय आणि तें जाणें म्हणजे काय, हें लोकांस नव्यानें सांगावयास नको. वरच्या अंगास गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली. पुढें शेतांस पाणी मिळालें आणि कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. त्या गांवांच्या जाण्यास निदान कांहीं हेतु होता. पवनीचा कोट निव्वळ अज्ञानापायीं जाऊं नये.

म्हणून जावें, आणि मुलांना घेऊन जावें. वाटेंत खापराचा तुकडा दिसला तर पाहावा, हातांत घ्यावा आणि होता तेथेंच ठेवावा. गांवांतील एखाद्या वृद्धास बोलतें करावें. शहरांतून कोणी आपला तट पाहण्यासाठीं मुद्दाम आलें, हें पाहून गांवकऱ्यांसही तो निराळ्या नजरेनें दिसूं लागतो. जुन्या वास्तूचें रक्षण करण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाहीं.