लोखंडी चौकट आणि स्प्रिंगची गादी

शहरांतील दुकानांत गादी घेणारा मनुष्य तिची परीक्षा तळहातानें करतो. हात दाबला, तो अलगद खालीं गेला आणि उचलतांच गादी पुन्हां वर आली, कीं त्याचें समाधान होतें. फार झालें तर तो एकदां तिच्यावर बसून पाहतो आणि कोणी हंसत तर नाहीं ना, अशी नजर टाकून उठतो. गादीखालची लोखंडी चौकट जमिनीपासून किती उंच आहे, तिच्या नळ्यांचीं तोंडें बंद आहेत कीं उघडीं, हें तो क्वचितच विचारतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र हेच प्रश्न आधीं विचारावे लागतात. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता आणि त्याआधीं तो चांदा या नांवानें ओळखला जाई. साग, बांबू आणि मोह यांच्या या रानांत पावसाळ्याचे चार महिने भुई ओली असते, आणि त्या भुईवर चटई टाकून निजणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

ओल हें त्यांतलें लहान दुःख. मोठें दुःख मण्यार नांवाच्या सापाचें. हा साप रात्रीं हिंडतो, भक्ष्याच्या मागें घरांत शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत येतो. त्याचा दंश इतका बारीक असतो, कीं झोपलेल्याला तो पुष्कळदां कळतही नाहीं. सूज नाहीं, आग नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, गिळतां येईनासें होतें आणि अखेर श्वास चालविणारे स्नायूच लुळे पडतात. प्रतिविषाची लस आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांवांचून अशा रुग्णाची आशा थोडी. आणि रुग्णालय तर रानांतल्या वाटेनें कित्येक कोसांवर! आग्नेय नेपाळांत झालेल्या व २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, मच्छरदाणींत निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी असल्याचें आढळलें. तेव्हां चार पाय आणि त्यांवर खोंचलेली मच्छरदाणी हा या भागांत चैनीचा विषय नाहीं. अंथरूण भुईपासून उचलणें हें पलंगाचें पहिलें काम. मऊपणा त्याच्या मागून येतो.

हें पहिलें काम गांवची बाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेली आहे. चार खुर, चार दांड्या आणि त्यांमध्यें सुतळीची किंवा अंबाडीच्या दोरीची वीण, एवढाच तिचा संसार. बाजेवर पडलेल्या माणसाचें वजन ती दोऱ्यांच्या ताणावर झेलते. दोरी ढिली पडली कीं पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हां ताणतां येते, तुटली तर घरचाच मनुष्य ती विणतो. वारा खालून वर खेळतो, हा उन्हाळ्यांतला तिचा मोठा गुण. तिचा दोष एकच, परंतु तो तिच्या रचनेंतच आहे. सगळ्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळें मध्यें वजन पडलें कीं सारी वीण मध्याकडे ओढली जाते आणि पाठीची झोळी होते. दोघे निजले तर दोघेही घरंगळत एकाच खळग्यांत येतात.

दवाखान्यांतून दिसणारा जाळीचा लोखंडी पलंग ही याच बाजेची थोरली बहीण होय. लांकडाऐवजीं काटकोनी लोखंडी पट्टीची चौकट, सुतळीऐवजीं तारेची जाळी, आणि ती जाळी उशाला व पायथ्याला लहान लहान स्प्रिंगांनीं अडकविलेली. एकोणिसाव्या शतकांत रुग्णालयांनीं लोखंडी पलंग उचलून धरले, त्याचें एक कारण अगदीं घरगुती होतें. लांकडाच्या सांध्यांत ढेकूण राहतात आणि लोखंडावर त्यांना घर करणें जड जातें. शिवाय असा पलंग धुतां येतो आणि उन्हांत टाकतां येतो. चांद्याच्या वैशाखांत तर ऊन विकत आणावें लागत नाहीं! पण झोळीचा दोष या जाळीनेंही सोडला नाहीं. टोकांच्या स्प्रिंगा थकल्या कीं जाळी खालीं लोंबूं लागते आणि रोग्याची कंबर सर्वांत खालीं जाते.

हा दोष काढण्याची युक्ति म्हणजे उभ्या स्प्रिंगांची गादी. तिच्यांत वजन आडव्या ताणावर न झेलतां उभ्या दाबावर झेललें जातें आणि शरीराच्या प्रत्येक भागाखालीं निराळा आधार मिळतो. स्प्रिंगेचा मूळ नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यानें १६७८ मध्यें छापून प्रसिद्ध केला: जितकें वजन, तितकी दबण्याची मजल. दुप्पट वजनाला दुप्पट. परंतु कोणती स्प्रिंग किती दबेल, हें ठरविणारें गणित ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तारेची जाडी दुप्पट केली तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, सोळा पट ताठ होते. आणि वेढ्याचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. २.४ मिलिमीटर जाड पोलादी तारेचे सहा सेंटिमीटर व्यासाचे चार वेढे घेतले, तर ती स्प्रिंग एका किलोग्रॅमच्या वजनाखालीं सुमारें अडीच सेंटिमीटर दबते. तार केवळ २.२ मिलिमीटरांची घेतली कीं तीच स्प्रिंग तितक्याच वजनाखालीं साडेतीन सेंटिमीटरांहूनही अधिक दबते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकावर टणक गादी आणि बसकी गादी यांतील सारें अंतर अवलंबून आहे. दुकानदार स्प्रिंगांची संख्या मोठ्या अभिमानानें सांगतो. तारेची जाडी त्याला विचारावी.

ठराविक स्प्रिंग डमरूच्या आकाराची असते, दोन्ही तोंडांना रुंद आणि कमरेला बारीक. हा आकार शोभेसाठीं नाहीं. रुंद वेढे नरम असल्यामुळें हलक्या वजनाला तेच आधीं दबतात. ते दबून बसले, कीं वजन कमरेच्या लहान, ताठ वेढ्यांवर येतें. म्हणून तीच गादी लहान मुलाला मऊ लागते आणि भारदस्त गृहस्थाखालीं तळाला टेकत नाहीं. १९० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद अशा गादींत, दोन स्प्रिंगांच्या मध्यबिंदूंत साडेसात सेंटिमीटर अंतर धरलें, तर लांबींत पंचवीस व रुंदींत बारा मिळून तीनशें स्प्रिंगा बसतात. त्यांच्या शेजारशेजारच्या रांगा बारीक तारेच्या लांबलचक गुंडाळीनें एकमेकींना शिवतात. ही गुंडाळी मळसूत्रासारखी फिरत फिरत दोन्ही रांगांची तोंडें गुंफीत जाते. सर्वांभोंवतीं वर एक आणि खालीं एक अशी जाड तारेची चौकट येते आणि कडेच्या स्प्रिंगा तिला पकडींनीं जखडतात. ही चौकट नसेल तर कडेवर बसणारा घसरून जमिनीवर येईल. स्प्रिंगांवर काथ्याचा किंवा दाबलेल्या जाड कापडाचा थर हवाच. नाहींतर वरचा कापूस आठवड्यांत वेढ्यांच्या पोटांत शिरतो. कापूस पिंजून देणारा पिंजारी या गादीला पुन्हां नवी करूं शकत नाहीं, ही तिची एक उणीव मान्य केली पाहिजे.

तरी एका स्प्रिंगेचें दुःख शेजारणीला कळतेंच, कारण त्या शिवलेल्या असतात. नवरा कूस बदलतो आणि बायको जागी होते! यावर कॅनडांत जेम्स मार्शल यानें १९०० च्या सुमारास उपाय काढला. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवींत बसविली, म्हणजे ती एकटीच दबते. हातानें शिवलेल्या या गाद्या फार महाग पडत. १९२५ मध्यें अमेरिकेच्या सिमन्स कंपनीनें पिशवींतल्या स्प्रिंगा यंत्रानें करून गाद्या बाजारांत आणल्या, तेव्हां त्या मध्यमवर्गाच्या आवांक्यांत येऊं लागल्या.

हें सारें ज्या तारेवर उभें आहे, ती तार मात्र साध्या लोखंडाची चालत नाहीं. साधी तार वांकवली कीं वांकलेलीच राहते. स्प्रिंगेला शंभरांत अर्ध्यापासून पाऊण भागापर्यंत कार्बन असलेलें पोलाद लागतें, आणि तो कार्बन सर्वत्र सारखा पसरलेला असावा लागतो. असें पोलाद तापवून वितळलेल्या शिशांत थंड करावयाचें, ही कृति बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यानें १८५४ मध्यें नोंदविली. त्यानंतर सोनाराच्या जंतरासारख्या भोंकांतून तें पुन्हां पुन्हां ओढलें, कीं बारीक, चिवट आणि लवचीक तार मिळते. स्प्रिंग वळविल्यावर तिला पुन्हां बेताची ऊब देतात, म्हणजे वळवितांना आंत राहिलेला ताण निघून जातो. ही शेवटची पायरी आळसानें गाळली तर गादी नवी असतांनाच खचूं लागते.

चांद्याच्या रानाला लोखंड नवें नव्हतें. येथील लोहार मातीच्या लहानशा भट्टींत खनिज आणि लोणारी कोळसा घालून, भात्यानें फुंकून लोखंड काढीत. तें वितळून वाहत नसे. मऊ गोळ्याच्या रूपांत निघे आणि घणाखालीं ठोकून साफ करावें लागे. कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ यांसाठीं तें नामी होतें. पण त्यांत कार्बन कोठें जास्त तर कोठें कमी, आणि मळीचे धागे अडकलेले. स्प्रिंगेची तार त्यांतून निघणें शक्य नव्हतें. १८८२ मध्यें रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडासंबंधींचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. लोहाऱ्याचें खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांवर पोलादाचा कारखाना उभा राहील, असें त्यांच्या मनानें घेतलें. वरोऱ्याचा कोळसा जर्मनींत तपासला गेला आणि त्या कामाला निरुपयोगी ठरला. पुढें कारखाना निघाला तो दूर साकचीला, आणि १९१२ मध्यें तेथें पोलाद तयार झालें. हिंदुस्थानच्या पोलादाचें स्वप्न ज्या जिल्ह्यानें जागविलें, त्याच्या वांट्याला त्या वेळीं कांहींच आलें नाहीं. आज गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यांत सूरजागडच्या डोंगरावर खनिज खणलें जातें. तेथल्या पाड्यांतून त्या लोखंडाचे किती पलंग येतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पोलादाचा शत्रु ओलावा, आणि त्याचें या भागांत राज्य आहे. गडचिरोलींत वर्षाला तेराशें मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. स्प्रिंगेवर गंजाचा बारीक खड्डा पडला, कीं ती केवळ तेवढी झिजते असें नाहीं. तार दर रात्रीं शेंकडों वेळां दबते आणि सुटते. त्या खड्ड्यापासून तडा सुरू होतो आणि एके रात्रीं टणत्कार करून ती तुटते. जाड पट्टी गंजून वर्षें काढील, पण स्प्रिंग काढणार नाहीं. म्हणून येथें गादी फळीवर सपाट टाकूं नये. आडव्या पट्ट्यांवर, मध्यें फटी ठेवून टाकावी, म्हणजे घामाची वाफ खालून निघून जाते. चौकट पोकळ नळ्यांची असेल तर तिचीं तोंडें बंद असावीं, नाहींतर नळी आंतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत सुंदर दिसतो! खुरांखालीं रबरी टोप्या आणि जोडांवर गंजरोधक लाल रंगाचा हात, एवढी काळजी बिहाडाच्या मोडक्या पलंगालाही परवडते.

टणक अंथरूण पाठीला चांगलें, ही समजूत शहरांत तर अगदीं दृढ आहे. स्पेनमध्यें जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला प्रयोग २००३ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला, त्यांत मध्यम टणक गादी अतिटणक गादीपेक्षां अधिक गुणकारी ठरली. पाठीचें दुखणें म्हणजे काय, हें चंद्रपूरकरांनीं जवळून पाहिलेलें आहे. वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना कण्याच्या विकारामुळें बसतां येत नसे. उभें राहणें किंवा आडवें होणें, एवढेंच त्यांना शक्य होतें. डिसेंबर १९८५ मध्यें कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेचा लांबचा प्रवास त्यांनीं गाडींत आडवें राहूनच केला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र निराळी. फळीवर त्याचें सारें वजन टांचा, माकडहाड आणि खांदे अशा थोड्या ठिकाणीं येतें, तेथला रक्तप्रवाह अडतो आणि जखमा होतात. स्प्रिंगा तें वजन वांटतात, पण जखम पूर्णपणें टाळीत नाहींत. त्याला ठराविक वेळानें कुशीवर वळविणारा हात लागतोच.

तो हात बहुधा नातेवाइकाचा असतो. गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं आदिवासींसाठीं रुग्णालय उभारलें, तेव्हां मोठ्या इमारतीऐवजीं झोपड्यांची रचना केली, कारण आपलें माणूस जवळ असल्यावांचून रुग्णाला तेथें राहवत नसे. पलंगाचा विचार करणाऱ्यानें या सोबत्यालाही मोजलें पाहिजे. रोगी उंच चौकटीवर मच्छरदाणींत सुरक्षित आणि त्याची आई खालीं उघड्या भुईवर, ही व्यवस्था मण्यारीला आणि हिंवतापाच्या डासाला दोघांनाही सोयीची आहे. बाजूला एक हलकी, घडीची लोखंडी खाट ठेवण्याइतकी जागा हवी, आणि मच्छरदाणी दोघांना हवी. वीस सेंटिमीटर जाड स्प्रिंगेच्या गादीला नेहमीची मच्छरदाणी पुष्कळदां आंखूड पडते. ती गादीच्या खालीं चारी बाजूंनीं वीतभर खोंचतां येईल एवढी लांब आहे कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं दोरी लावून मोजावें.