माशांचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलणें हा शहरांतील संसाराचा आतां नित्याचाच भाग झाला आहे. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, नोकरींतील बदली तीन वर्षांनीं. त्यामुळें भांडीं, पुस्तकें, कपाटें यांची बांधाबांध कशी करावी याचें ज्ञान घरोघरीं असतें. परंतु दिवाणखान्यांतील कांचेच्या टांकींत सात-आठ मासे फिरत असले, म्हणजे ऐन वेळीं घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. कोणी सुचवितो कीं, टांकी अशीच उचलून टेंपोंत ठेवावी. कोणी म्हणतो, जवळच्या तळ्यांत सोडून पुण्य जोडावें. श्रोतेहो, हे दोन्ही सल्ले वाईट आहेत. ते कां वाईट आहेत आणि त्यांच्याऐवजीं काय करावें, हेंच आज सांगावयाचें आहे.

टांकी भरलेली कां नेऊं नये, हें साध्या हिशेबानें कळतें. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा लहानशा टांकींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसत्या पाण्याचें ओझें ५६ किलो. कांचेचे तक्ते एकमेकांस सिलिकॉननें चिकटविलेले असतात. असें ओझें आंत हिंदकळत असतां टांकी जिन्यावरून उतरविली, कीं तळाला पीळ बसतो आणि सांधा सुटतो. तो कधीं जागेवरच फुटतो, तर कधीं नव्या घरीं दोन दिवसांनीं, मध्यरात्रीं. म्हणून टांकी रिकामीच न्यावी. वाळूसुद्धां काढून घ्यावी.

पण टांकी रिकामी करतांना खरोखर काय जपावयाचें, याची कल्पना पुष्कळांना नसते. मासे जपतात, पाणीही जपतात, आणि जें जपावयाचें तें नळाखालीं धरून धुऊन टाकतात. याची कथा थोडी मागें जाऊन सांगितली पाहिजे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें लंडनमध्यें गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति एकत्र ठेवून पाहिली, आणि वनस्पति व प्राणी एकमेकांस जगवितात असें १८५० सालीं जाहीर केलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. वॉरिंग्टनचें म्हणणें खोटें नव्हतें, अपुरें होतें. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, आणि तो त्यालाच विषासारखा बाधतो. या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु आहेत. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें अशा जंतूंचा छडा लावला. आणि दोन्ही टप्पे एकट्यानेंच पार पाडणारे जंतुही आहेत, हें तर २०१५ सालीं उघडकीस आलें.

हे जंतु पाण्यांत फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजाला, वाळूच्या कणांना, दगडांना बिलगून राहतात. तेव्हां माशांचें बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे या अदृश्य चाकरांचेंही बिऱ्हाड हलवावयाचें. फिल्टरचा स्पंज जुन्या टांकीच्याच पाण्यानें ओला ठेवून, वर मोकळी हवा राहील अशा डब्यांत न्यावा. तो नळाच्या पाण्यांत स्वच्छ धुण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतु मारण्यासाठींच घातलेला असतो, आणि तो आपले जंतु कोणते व परके कोणते हें पाहत नाहीं. उन्हांत विसरलेला डबाही तेंच काम करतो.

तयारी आठ दिवस आधीं सुरू करावी. त्या आठवड्यांत पाणी थोडेंसें बदलून टांकी स्वच्छ ठेवावी, म्हणजे आयत्या वेळीं गाळ ढवळला जात नाहीं. निघण्यापूर्वीं एक-दोन दिवस माशांस खावयास देऊं नये. हें ऐकून घरांतील लहान मुलें हळहळतात, पण मोठ्या माशाला दोन दिवसांचा उपास मुळींच जड जात नाहीं. उलट भरल्या पोटीं निघालेला मासा पिशवींतील तुटपुंजें पाणी वाटेंतच घाण करतो.

पिशवीची रीत अशी. जाड प्लास्टिकच्या पिशवींत एक-तृतीयांश जुन्या टांकीचें पाणी आणि दोन-तृतीयांश हवा. हें प्रमाण उलटें करणारेच फार भेटतात. पाणी जास्त म्हणजे मासा सुखी, असें त्यांना वाटतें. परंतु पाण्यांतला प्राणवायु लवकर संपतो, आणि त्याची भरपाई वरच्या हवेंतूनच व्हावयाची असते. उष्ण पाण्यांत तर तो मुळांतच कमी विरतो: २० अंशांला लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांला साडेसात. पिशवीचे खालचे कोपरे दोऱ्यानें बांधावे, नाहीं तर बारके मासे तेथें अडकून चेंगरतात. कांटेरी पराचे मासे पिशवी फोडतात. त्यांना झांकणाची बादली बरी. लढाऊ बेट्टा एकटाच ठेवावा. सर्व पिशव्या थर्माकोलच्या पेटींत उभ्या ठेवून पेटी बंद करावी, कारण अंधारांत मासा शांत राहतो आणि प्राणवायुही कमी खर्चतो.

उदाहरणादाखल मुंबईहून पुण्याला जाणारें कुटुंब घेऊं. तीन-चार तासांची वाट. एवढ्या वेळांत नीट बांधलेल्या पिशवींतील माशांस कांहीं धोका नाहीं. पण दिवस हिवाळ्याचे असले आणि मोटारीच्या मागच्या भागांत पेटी उघडी राहिली, तर ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून आलेल्या टेट्राला घाटावरची थंडी सोसत नाहीं. दुसरी अडचण पाण्याच्या जातीची. मुंबईचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचें, म्हणून मृदु. नव्या बिऱ्हाडीं कूपनलिकेचें पाणी असलें, तर तें काळ्या खडकांतून आलेलें, बहुधा जड. यासाठीं झांकणाच्या कॅनमधून जुन्या टांकीचें शक्य तेवढें पाणी बरोबर न्यावें, निदान निम्मी टांकी भरेल इतकें. नवें पाणी मग पुढच्या आठवड्यांत थोडें थोडें वाढवावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीनसाठीं ‘हायपो’ घालावा. छायाचित्रें धुणाऱ्यांना ठाऊक असलेला तोच हा पदार्थ, माशांच्या दुकानांत थेंबांच्या रूपानें मिळतो.

आतां पोंचल्यानंतर. सामानाच्या गर्दींत टांकीची मांडणी सर्वांत आधीं करावी, आणि पलंग मागून लावावे. गृहिणीला हें रुचणार नाहीं, हें मी जाणतों. टांकी सपाट जागीं, खालीं थर्माकोलचा पत्रा घालून ठेवावी. वाळू, जुनें पाणी, ओला स्पंज हीं जागच्या जागीं घालून फिल्टर सुरू करावा. मग पिशव्या न उघडतां पंधरा-वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवाव्या, म्हणजे ऊष्णमान सारखें होतें.

येथें एक बारीक गोष्ट आहे, आणि जाणते लोकही तिथें फसतात. लांबच्या प्रवासांत माशाच्या श्वासानें पिशवींत कार्बन डायऑक्साइड सांचतो व पाणी आम्ल होतें. आम्ल पाण्यांत अमोनिया बहुतेक अमोनियम या सौम्य रूपांत राहतो. पिशवी उघडली कीं तो वायु उडून जातो, आम्लता उतरते, आणि तोच अमोनिया पुन्हां विषारी रूप घेऊं लागतो. पीएच सातावरून आठावर गेला, तर विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. म्हणून रात्रभराच्या प्रवासानंतर पिशवी उघडी टाकून तासभर थेंब-थेंब पाणी घालीत बसणें ही दया नव्हे. पिशवी उघडावी, लगेच जाळीनें मासे उचलून टांकींत सोडावे आणि पिशवींतलें पाणी मोरींत ओतावें.

पहिल्या दिवशीं दिवा बंद, खाणें बंद. पुढें आठवडाभर खाणें निम्में. दुकानांत अमोनिया तपासण्याची लहान पेटी मिळते, ती एकदां घ्यावीच. पाण्यांत अमोनिया दिसूं लागला, तर चौथा हिस्सा पाणी बदलावें.

आणि मासे नेणें शक्यच नसलें तर? तळें, विहीर, नदी हीं कदापि नव्हेत. बहुतेक शोभेचे मासे तेथें उपाशी मरतात, आणि जे मरत नाहींत ते अधिक अनर्थ करतात. कांच साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेंतला सकर मासा असाच टांक्यांतून सुटून आपल्या देशांतील अनेक नद्या-तळ्यांत माजला आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत तर जगांत अन्यत्र कोठेंही न सांपडणारे मासे आहेत. एका जातिसमूहाला २०१३ सालीं ‘सह्याद्रिया’ असें नांवही मिळालें. त्यांच्या घरांत असले पाहुणे सोडूं नयेत. ज्या दुकानांतून मासे आणले, तो दुकानदार ते पुष्कळदां परत घेतो. शेजारच्या एखाद्या मुलाला टांकीसकट दिले, तर तोही सांभाळतो. देतांना ओला स्पंज मात्र बरोबर द्यावा.