सावकाराची वही आणि पोरांचा मोबाईल

सावकार आपली वही कुळाला कधी दाखवीत नसे. इन्स्टाग्रामवाल्या कंपनीनेही दाखविली नव्हती. २०२१ साली तिची नोकरी सोडलेल्या फ्रान्सिस हॉगन या बाईंनी ती चव्हाट्यावर आणली. अंगरूपाविषयी मन खट्टू असता इन्स्टाग्रामने ते अधिकच खट्टू होते, असे शेकडा ३२ किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितले होते. कंपनी म्हणते, पुष्कळांना बरेही वाटते. वाटत असेल, पण वही लपविली का?

आमच्या घरात पोर रात्र जागते, ताटावरून उठते, आणि आम्ही त्याला आळशी म्हणतो! टाळेबंदीत शाळेसाठी फोन आम्हीच उसनवारीने घेऊन दिला, हे विसरतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरविले, की सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजताच दीड तास टी.व्ही. व मोबाईल बंद. पोरांचे तसे थोरांचेही. ही गोष्ट आम्ही मोठ्या तोऱ्यात घरी सांगितली, तो धाकटी म्हणाली, "आबा, तुमचा बी ठेवणार न्हवं?" आमचा फोन त्या वेळी हातातच होता.